उरलं ते आईचं

१

आईबाबा गेल्यापासून तिघं भावंडं दर रविवारी त्या घरी जमायची आणि प्रत्येक जण आपापला डबा घेऊन यायचा. एकमेकांच्या हातचं खायचं नाही असं काही ठरलं नव्हतं. पण जमिनीवरून मनं फाटली की ताटं आपोआप वेगळी होतात. थोरला दादा खिडकीपाशी स्टुलावर बसायचा, सगळ्यांत धाकटा बारक्या मागच्या दाराच्या उंबऱ्यावर, आणि दोघांच्या मधली, जिला घरात सगळे मधलीच म्हणायचे, ती ओट्याला टेकून उभ्याउभ्या उरकायची. कुणी कुणाच्या डब्यात डोकवायचं नाही. पण चावण्याचा आवाज थोडाच अडतो? दादा तोंड उघडं ठेवून खायचा, बारक्या बोटं चाटायचा, आणि ते ऐकून मधलीचा घास तोंडातल्या तोंडात फिरायचा.

बारक्या म्हणजे काही लहान नव्हे. टक्कल पडलं होतं त्याला, आणि दातांच्या डॉक्टरकडे कवळ्या बनवण्यात निम्मी हयात गेली होती. दादा ट्रकच्या वजनकाट्यावर होता. दिवसभर काट्याकडे बघून बघून सगळं जग मापात पाप करतंय असं त्याला वाटू लागलं होतं. मधली शिवणकाम करायची. तिच्या दुकानाची जागा भाड्याची, आणि ती इमारत आता पाडायची ठरली होती. महिनाअखेरीला मशीन उचलून कुठेतरी न्यायला हवं होतं. घरामागची जमीन सबंध लांबीभर रस्त्याला लागून होती. तिच्यातला आपला तुकडा हातात आला की त्यावर एक खोली बांधायची आणि दारावर पाटी लावायची, एवढंच तिचं मागणं होतं. ते मिळालं नाही तर ती खरोखरच रस्त्यावर येणार होती.

बाबांना कुणी मृत्युपत्राचं विचारलं की ते कवळीखाली अडकलेला कण चक् चक् करून ओढत म्हणायचे, "मी मेल्यावर बघा काय ते." ते मेले, पाठोपाठ आईही गेली, आणि आता तिघं बघत होती. दादा म्हणे, छपराचे पत्रे मी घातले. बारक्या म्हणे, शेवटी शेवटी मीच येऊन बघून जायचो. मधली म्हणे, समान म्हणजे समान. दर रविवारी वाक्यं तीच, फक्त आवाज चढत जायचा.

घराकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. ओट्यावरच्या फळीवर आईचं तामचिनीचं मोठं भांडं पालथं पडून होतं, कडेचे टवके उडालेलं. ते दिसलं की मधली तोंड फिरवायची. लहानपणी जेवणं संपत आली की आई ते भांडं कडेवर घेऊन एकेकासमोर उभी राहायची आणि विचारायची, "झालं तुझं?" झालं म्हटलं की ताटातलं उरलंसुरलं, उष्टा भात, दातांनी तोडलेला पाव, अंड्याचा पिवळा चुरा, सगळं भांड्यात जायचं. मग आई ते चार बोटांनी गोल गोल कालवायची. तिच्या अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं होतं आणि त्या चिरेत नेहमी काहीतरी अडकलेलं असायचं. तो लगदा ती आणि बाबा ओट्यापाशी उभं राहून मिटक्या मारत खायचे. अन्न टाकायचं नाही, वाटून उरलं ते आईचं, हा घरचा कायदा होता. त्यातून एकच पळवाट होती. तोंड हलत असेपर्यंत आई ताट उचलत नसे. बारक्या तर ताट वाचवायला तोंडात काही नसतानाही चावत बसायचा.

२

जमीन मोजायला आलेला मोजणीदार तासाभरातच वैतागला. दादाला रस्त्याच्या वळणाकडची बाजू हवी होती, बारक्यालाही तीच, आणि दोघं एकमेकांच्या अंगावर धावून जात होते. मोजणीदाराने टोपी काढून घाम पुसला आणि तुमचं ठरलं की सांगा, मी खुंट्या ठोकून देतो, असं म्हणून तो गाडीत जाऊन बसला.

तेव्हा मधलीने तोड काढली. रेघा ती मारेल. आधी दादा तुकडा निवडेल, मग बारक्या, आणि उरेल तो तिचा. दादाने यात काय मेख असेल याचा खूप विचार केला, पण कापणारीच शेवटी घेणार म्हटल्यावर त्याला मेख सापडेना. त्याने नाइलाजाने मान हलवली.

मधलीने सुतळी ताणली आणि चुन्याची फक्की सोडत गेली. लांबट तुकडा आडवा कापायचा, म्हणजे तिघांनाही रस्ता मिळतो. कापड असो की जमीन, बेतायचं म्हटलं की तिचे हात आपोआप चालायचे, आणि घात झाला तो त्यामुळेच. कापडाचे दोन तुकडे बेतताना मधे शिलाईपुरती माया सोडायची असते. ती तिने इथेही सोडली. दोन तुकड्यांच्या मधे एका रेघेऐवजी दोन रेघा पडल्या, आणि त्यांच्यामधे हातभर रुंदीची पट्टी राहिली. अशा दोन पट्ट्या. मोजणीदाराला घरी जायची घाई होती. जिथे फक्की दिसली तिथे त्याने लाकडी खुंट्या ठोकल्या आणि हात झटकले.

चूक दिसली ती दादाला. त्याने बोट दाखवून विचारलं, "ह्या मधल्या पट्ट्या कुणाच्या?"

मधली ओशाळली. आयुष्यभर दुसऱ्यांची मापं घेणाऱ्या बाईने स्वतःच्या जमिनीत ही चूक करावी, याची तिला लाज वाटली. तेवढ्यात बारक्या उंबऱ्यावरून तोंडातला घास सावरत म्हणाला, "वाटून उरलं ना? मग आईचं."

दादा हसला. मधलीही हसली. कित्येक महिन्यांनी तिघं एका वेळी हसली, आणि हसता हसता तिघांच्याही तोंडून ते वाक्य पुन्हा निघालं, लहानपणी ताट पुढे करताना निघायचं तसं, एका सुरात. मोजणीदाराला काही कळलं नाही. "आई आहेत का अजून?" त्याने विचारलं. तिघं अजून हसतच होती. तो निघून गेला. पट्ट्यांचं पुढच्या रविवारी बघू असं ठरलं. दादाने वळणाकडचा तुकडा घेतला, बारक्याने मधला, आणि घराला चिकटलेला मधलीकडे राहिला.

निघताना तिने स्वयंपाकघराचं दार ओढलं. फळीवरचं भांडं सुलटं होतं. त्यावर धूळ नव्हती.

३

पुढच्या रविवारपर्यंत आठवडाभर कडकडीत ऊन होतं. तिघांचे तुकडे वाळून भेगाळले होते. पट्ट्या मात्र ओल्या होत्या. त्यांच्यातली माती काळपट, चकचकीत आणि जराशी फुगलेली दिसत होती, आणि तिच्यावरचं गवत आडवं होऊन मातीला चिकटलं होतं. वास येत होता तो डबा दोन दिवस बंद राहून गेला की झाकण उघडताना येतो तसा. मधलीने पदर नाकाला लावला आणि खालून कुठलं तरी गटार फुटलं असेल असा निष्कर्ष काढला.

बारक्याने पट्टीत पाय टाकून बघितला. पाय घोट्यापर्यंत गेला. ओढून काढताना मचक् असा आवाज झाला आणि चप्पल आतच राहिली. त्याने हात घालून ती काढली. चपलेला चिखल लागलेला नव्हता. ती बुळबुळीत होती, आणि तिच्या अंगठ्याचा पट्टा तुटून लोंबत होता.

"गटारच असणार," मधली म्हणाली.

तिने गळ्यातली कापडी टेप काढून पट्टीची रुंदी घेतली, आणि पुन्हा घेतली. माणसांची मापं चुकतात, टेप चुकत नाही, असा तिचा आजवरचा अनुभव. हातभर सोडलेल्या जागेत आता माणूस ऐसपैस झोपू शकला असता. दुसरी पट्टीही तशीच. खुंट्या सरळ उभ्या होत्या, उपटून पुन्हा रोवल्याची खूण नव्हती, पण तिघांचेही तुकडे अरुंद झाले होते.

दादाने सरळ तिच्यावर आळ घेतला. कापणारीने आधीच कात्री लावून ठेवली होती, असं तो म्हणाला. तिने उलट सांगितलं की काट्याखाली वीट ठेवायची सवय कुणाला असते ते सगळ्यांना ठाऊक आहे. बोलता बोलता दादाच्या तोंडातून पावाचा ओला कण उडून तिच्या मनगटावर बसला. तिला त्या कणाची जेवढी किळस आली तेवढी त्या आरोपाचीही आली नाही. तिने तो पुसला आणि पुसलेली जागा पुन्हा पुसली.

बारक्या भांडणात नव्हता, हे नवल. तो एका खुंटीपाशी उकिडवा बसला होता. खुंटीची वरची कड कुरतडलेली होती. त्याने तिच्यावरून बोट फिरवलं, मग बोट पँटला घासलं, आणि घासतच राहिला.

"घुशी," तो म्हणाला. पण बघत होता तो घराच्या खिडकीकडे.

४

त्या दुपारी जेवणं उरकल्यावर मधली पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली. तामचिनीचं भांडं फळीवर नव्हतं. ओट्याच्या मधोमध होतं.

त्यात लगदा होता. भात तिच्या डब्यातला होता, जिरं घातलेला. पावाच्या कडा दादाच्या. मऊ भाग खाऊन कडा तो नेहमी ठेवतो. अंड्याचा पिवळा चुरा बारक्याचा. हे सगळं एकत्र करून इतकं कालवलेलं होतं की त्याला तार सुटली होती, आणि त्यात चार बोटांचे चर गोल गोल फिरत गेलेले दिसत होते. तिने हात जवळ नेला. लगदा कोमट होता.

तिने स्वतःला समजावलं. बारक्याला असल्या थट्टा सुचतात. सगळ्यांचे डबे ओट्यावरच होते, त्याने गुपचूप ओतलं असेल. पण तिचा डबा अजून तिच्या हातात होता, आणि तो तिने आत्ताच बंद केला होता. तिने झाकण उघडून बघितलं. कोपऱ्यात उरलेला घासभर भात नव्हता. डबा चाटून ठेवल्यासारखा लख्ख होता, आणि त्याच्या कडेला ओल होती.

तिने दोघांना हाक मारली. दादा दारातून बघूनच मागे सरला आणि, ही नाटकं बंद करा, फेका ते, असं म्हणाला. बारक्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं. "ताई, तू केलंस हे?" त्याने विचारलं, आणि तिच्या लक्षात आलं की त्याने खरंच केलेलं नाही.

भांड्याला हात लावायचं तिच्या जिवावर आलं. शेवटी तिने फडक्यात धरून ते उचललं आणि मागच्या दारातून लगदा लांब भिरकावला. तो जवळच्या पट्टीत पडला. हात धुवायला ती आत वळली. नळाच्या आवाजात तिला दुसरा एक आवाज आला, चक् चक्, जेवण झाल्यावर कवळीखालचा कण ओढावा तसा. नळ बंद करून ती पुन्हा दारात आली. पट्टीत काही नव्हतं. कावळा नाही, कुत्रं नाही, भाताचं एक शीतही नाही.

संध्याकाळी फाटकापाशी बारक्याने तिला थांबवलं. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तो म्हणाला, "बाबांची कवळी मीच केली होती, आठवतं? खालचा एक दात वाकडा बसला होता. बदलून देतो, बदलून देतो म्हणत राहिलो."

"मग?"

"खुंटीवर तशीच खूण आहे."

"घुशीचेही दात वाकडे असतात," मधली म्हणाली. तिला स्वतःचं उत्तर आवडलं. बस येईपर्यंत ती ते मनात घोळवत होती.

५

दुकान रिकामं करायचा दिवस आला तेव्हा मशीन कुठे ठेवायचं हा प्रश्न उरला. मधलीने ते टेम्पोत घालून सरळ आईबाबांच्या घरी आणलं. दोघांना विचारलं नाही. ताबा म्हणजे अर्धी मालकी, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

घरासमोर दादाची मोटरसायकल उभी होती. तोही न विचारताच आला होता. एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं. तिने स्वयंपाकघराच्या खिडकीतून मागे बघितलं. दादाने फावडं आणलं होतं आणि लांबच्या पट्टीच्या कडेच्या खुंट्या उपटून आपल्या बाजूला टाकल्या होत्या. पट्टी तो आपल्या तुकड्यात घेत होता. भर दुपारी, उजळ माथ्याने. मधलीच्या अंगाचा तिळपापड झाला. ती ओरडणार होती.

पण दादा खोदत नव्हता. तो पट्टीच्या मधोमध पाठमोरा उभा होता, पिंढऱ्यांपर्यंत आत, आणि फावडं बाजूला पडलं होतं. त्याच्या भोवतीची माती हलत होती. अगदी सावकाश, एकाच दिशेने, गोल गोल. मातीत चर उमटत होते, चार चार एकदम, आणि पुसले जाऊन पुन्हा उमटत होते. तसा आवाजही येत होता, ओल्या भाताचा यावा तसा.

तिने हाक मारली, "दादा!"

त्याने मान वळवली. त्याच्या तोंडाला काळं काहीतरी लागलेलं होतं आणि गाल फुगलेले होते. तो घाबरलेला नव्हता. पोट भरलेल्या, झोपेला आलेल्या पोराचा चेहरा असतो तसा त्याचा चेहरा होता. त्याने घास गिळला. मग तो खाली कुणाकडे तरी बघून म्हणाला, "झालं."

पुढच्या दाराशी टेम्पोवाला मशीन कुठे ठेवू म्हणून ओरडत होता. ती तिकडे गेली. खरं तर जायची काही गरज नव्हती, तो थांबला असता. पण तिला त्या खिडकीत उभं राहवलं नाही, आणि कुणीतरी हाक मारली याचं तिला इतकं बरं वाटलं की ती जवळजवळ पळतच गेली. परत आली तेव्हा पट्टी रिकामी होती. माती वरून हात फिरवल्यासारखी गुळगुळीत होती.

फावडंही नव्हतं.

६

संध्याकाळी वहिनीचा फोन आला की हे अजून घरी नाहीत. मधली म्हणाली, मला भेटला नाही. हे वाक्य तिच्या तोंडून सहज गेलं. मग पोलीस आले, मोटरसायकल घेऊन गेले, जमिनीवरून दोन चकरा मारल्या आणि नाकाला रुमाल लावून ह्या गटाराची तक्रार करा असं सांगून गेले. वजनकाट्यावरचे लोक म्हणू लागले की त्याचं बाहेर काहीतरी असणार.

बारक्याचा फोन आला तो दुसऱ्याच दिवशी. आधी त्याने दादाची काळजी केली. मग तो घुटमळला. "ताई, असं विचारू नये, पण समजा तो नाहीच आला, तर त्याचा हिस्सा..."

मधलीला शिसारी आली. सख्खा भाऊ नाहीसा झालाय, आणि ह्याच्या तोंडाला पाणी सुटलंय. पण शिसारी फार वेळ बारक्यावर टिकली नाही. कारण वहिनीचा फोन ठेवताच तिच्या स्वतःच्या मनात पहिला विचार हाच आला होता, की वळणाकडचा तुकडा आता मोकळा झाला. बारक्याने फक्त तो बोलून दाखवला. तिघं एका ताटात जेवत नसतील, पण एकाच भांड्यातली होती. तिला तोंड धुवावंसं वाटलं.

"रविवारी ये," ती म्हणाली. "नव्याने रेघा मारू. या वेळी मधे काही सोडायचं नाही."

रविवारी तो आला. दिवस स्वच्छ होता. पट्ट्या आणखी रुंद झाल्या होत्या आणि तिघांच्या तुकड्यांना आता तुकडे म्हणण्यासारखं फारसं काही राहिलं नव्हतं. जवळच्या पट्टीला लागून पाण्याची जुनी सिमेंटची टाकी होती. मधली टाकीच्या अलीकडे आपल्या तुकड्यात उभी राहिली, बारक्या टेपचं दुसरं टोक घेऊन पलीकडे गेला. घरी शिवणाच्या कितीतरी टेपा होत्या. तीन-चार जोडून तिने लांब केली होती. पट्टीत पाय घालू नकोस, असं तिने त्याला बजावलं.

"कडेकडेनेच जातोय," टाकीमागून त्याचा आवाज आला. "ताई, इथे एक खुंटी आडवी झालीय. सरळ करतो."

टेप सैल पडली. तिने वाट बघितली. मग टेप पुन्हा ताणली गेली आणि तिच्या बोटांतून हळूहळू पुढे सरकू लागली. बारक्या ओढतोय असं तिला वाटलं, आणि तिने थोडी सोडली. टेप थांबायची, सरकायची, थांबायची, सरकायची. ओढणाऱ्या हाताचा झटका वेगळा असतो. मशीनवर जन्म काढलेल्या बाईला तो कळतो. हे ओढणं नव्हतं. टेप तोंडात घेतली जात होती.

"बारक्या?"

टाकीमागे कुणीतरी रिकाम्या तोंडाने भराभर चावत होतं. दातांवर दात. तो आवाज तिने लहानपणी शेजारच्या पाटावरून कितीदा तरी ऐकला होता. तो चालू राहिला, दमला, पुन्हा जोर करून चालू झाला, आणि थांबला.

"झालं," बारक्याचा रडवेला आवाज आला.

तिने टेप सोडून दिली. टोक सळसळत गेलं आणि टाकीमागे दिसेनासं झालं. ती टाकीला वळसा घालून धावली. धावायला नको होतं.

माती कालवली जात होती. बोटं दिसत नव्हती, त्यांचे चर तेवढे दिसत होते, एकापाठोपाठ एक. मधोमध बारक्याच्या शर्टाची बाही वर आली आणि खाली गेली. ती बाही तिनेच शिवली होती. मग चर थांबले. मातीतून कडेला काहीतरी वर आलं, भांड्याची कड निपटायला यावं तसं. एक अंगठा होता. नख मधोमध चिरलेलं होतं आणि चिरेत टेपचा पिवळा धागा अडकलेला होता.

७

मधली घरात आली, मागचं दार लावलं, आणि पर्स उचलून पुढच्या दाराकडे निघाली. पण ती निघता निघता थांबली, हेही खरं. तिने मशीनकडे बघितलं. मागच्या बंद दाराकडे बघितलं. ती सगळी जमीन आता तिची होती. या टोकापासून त्या वळणापर्यंत. सांगायला, भांडायला, आधी उचलायला कुणी राहिलं नव्हतं. वाटणी संपली होती, आणि तिघांतली ती एकटी उरली होती.

तेवढ्या थांबण्यात वेळ गेला. पुढच्या दाराच्या आतल्या बाजूला, चपला काढायच्या जागेवर, तामचिनीचं भांडं जमिनीवर टेकल्याचा आवाज झाला. दाराच्या काचेतून दुपारचं ऊन येत होतं आणि ते मधेच कशाने तरी अडत होतं. वास खोलीत आला. तिने वर बघितलं नाही. जे काही बघायचं होतं ते तिने बघितलं होतं.

"झालं तुझं?"

आवाज आईचाच होता. रागाचा नव्हता, उलट समजुतीचा होता, सगळ्यांचं आवरून दमलेल्या बाईचा. त्याच्या मागून, जरा बाजूने, चक् चक् आलं.

मधलीचे पाय मागे सरले आणि ती मशीनच्या स्टुलावर बसली. तिचा डबा मशीनवर होता. तिने झाकण उघडलं. तळाशी पावाचा एक तुकडा होता. तो तिने तोंडात टाकला आणि चावू लागली. तोंड हलत असेपर्यंत आई उचलत नाही. तिने चावला, गिळला नाही, पुन्हा चावला. पावाचं पाणी झालं आणि आपोआप घशाखाली गेलं. तिने रिकामं तोंड चालू ठेवलं. पण बारक्याचं रिकामं तोंड आईने ओळखलं होतं, हे तिला आठवलं.

भांडं जमिनीवरून जरासं पुढे सरकलं.

मशीनच्या खणात कापडाच्या चिंध्या होत्या, शिवून उरलेल्या. तिने एक काढली आणि तोंडात कोंबली. सुती होती, कुणाच्या तरी परकराची. तिला उमासा आला, तो तिने कापडाबरोबर मागे ढकलला. दुसरी रेशमी होती, ती दातांना लागेना, तिला तेलाची चव होती. मग तिने खडू घेतला. खडू कचकचला आणि तोंडभर पीठ झालं. ती चावत राहिली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, हनुवटीवरून पांढरी लाळ गळून ब्लाउजवर पडत होती, आणि जबडा दुखू लागला होता. खणात अजून चिंध्या होत्या. फारशा नव्हत्या.

पलीकडे कुणालाही घाई नव्हती. आई थांबली होती, मुलांचं पोटभर होईपर्यंत ती नेहमीच थांबायची.